आमच्या पंगतीला कुणी बसलं नाही

हेदवाडा, सर्वणजवळ, डिचोली
२४ डिसेंबर १९८६

स्वातू,

टपाल अजून सुरू नाही, म्हणून हे पत्र रत्ना नावाच्या बाईच्या हाती पाठवतो आहे. तिचा नवरा तुमच्या मुरगावात बंदरावर मजूर आहे. ती आणि तिची सासू हौसाबाई, दोघी गडहिंग्लजकडच्या. घरी येतील तेव्हा नुसत्या चहावर बोळवण करू नकोस. तीन दिवस त्यांनी तुझ्या आईच्या हातचं खाल्लं आहे. आता आपल्या घराचं नाक तुझ्या हाती.

आधी हे सांगतो की आम्ही सगळे धड आहोत. भाषेच्या आंदोलनाने तुमच्याकडे काय चाललं आहे ते रेडिओवर ऐकतो आणि तुझी आई देवापुढे बसते. इकडे रविवारी, नेमकी आपली समाराधना असताना, कोल्हापूरहून वास्कोला जाणारी बस वाड्याच्या तोंडाशी अडकली. पुढे रस्त्यावर आंबा आडवा पडला होता. ड्रायव्हर मागे फिरला, तर मधल्या वेळात दोडामार्गाच्या बाजूलाही कुणीतरी दगडांची रास घातलेली. बसमध्ये सदतीस माणसं, त्यात नऊ पोरं.

सासरी जाऊन विसरली असशील म्हणून सांगतो, समाराधनेच्या दिवशी वाड्यातल्या बारा घरांत चूल पेटत नाही. काय शिजायचं ते सातेरीच्या देवळात शिजतं, आणि भटजींनी नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणाच्या पानावर पडत नाही. भटजी मुळगावहून यायचे, ते आलेच नाहीत. म्हणजे देवळात तांब्याची दोन मोठी भाणं भरून भात आणि भाज्यांचं खतखतं तयार, आणि घरात पाहुण्याला द्यायला ऊन पाणीसुद्धा नाही. आम्ही केळी दिली, शहाळी दिली, गूळ-खोबरं घालून पोहे दिले. दुपारपर्यंत वाड्यातली केळी संपली. मग थोडा घोळ झाला, पण तो निभावला. पाहुणे जेवले.

तीन दिवस काय झालं ते सांगू? देवळाच्या अग्रशाळेत माणसं मावेनात, तेव्हा बाबली गावकराने स्वतःचं भाताचं खळं सारवून दिलं. त्याच्या सुशीलाने लग्नातला शालू काढून एका पोराला पांघरूण घातलं. तुझ्या आईने चंद्रावती या नावाला शोभेल असा तोरा मिरवला, बायकांना न्हाणीघराच्या रांगेत उभं करून स्वतः मुकादम झाली. सर्वणचा पोदेर शेतातून सायकल खांद्यावर घेऊन आला आणि पावाची टोपली रिकामी करून गेला. या बारा घरांना मी चाळीस वर्षं शिव्या घातल्या, हे तू जाणतेस. त्या सगळ्या मागे घेतो.

आणखी एक गंमत. बसमध्ये मडगावचा अजय नावाचा तरुण शिक्षक होता, कोंकणीच्या बाजूचा, अगदी कडवा. मी मराठीच्या मोर्चात गेलेला मास्तर. आम्ही दोन दिवस व्हरांड्यावर भांडलो. तिसऱ्या दिवशी तुझी आई म्हणाली, "तुमी दोगूय कोंकणींतच झगडतात मरे!" खरंच की. मराठीची बाजू मी सगळी कोंकणीतून मांडली होती. तो हसला आणि पुढचा मुद्दा त्याने मराठीत मांडला. त्याची मराठी चांगली आहे, हे मात्र मी त्याला बोललो नाही.

आज रस्ता मोकळा झाला. बस गेली की वाडा सुना होईल.

तुझे बाबा


मुरगाव
३ जानेवारी १९८७

बाबा, आईला आणि तुम्हाला वाकून नमस्कार.

रत्ना आणि हौसाबाई आल्या होत्या. मी शिरा केला, भजी केली, जाताना डबा दिला, तेव्हा नाकाची काळजी नको.

पण तुम्ही ज्याला थोडा घोळ म्हणता तो मला रत्नाकडून कळला. चार वाजेपर्यंत भटजींची वाट पाहिली, पोरं भाताच्या वासाने रडत होती, आणि हौसाबाई देवळाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडल्या. गुळाचं पाणी पाजून त्यांना बसवलं, तर त्यांनी तुम्हाला विचारलं, "मास्तर, जेवान कुणासाठी राखलंय?" तुम्ही सांगितलं, देवीसाठी. त्या म्हणाल्या, "मग तिला इचारा की. तिला भूक लागली आसंल तर मी थांबते." आणि तुम्ही उठून वाढायचा दवला भाणात घातलात.

बाबलीकाका आडवे आले, तेही रत्नाने सांगितलं. त्यांचं बोलणं तिला अर्धं कळलं, पण मान हा शब्द कळला. बाबा, भाताचा पहिला दवला वाढायचा मान आपल्या घरात पाच पिढ्या आहे. तो गेला का? जायचा आहे का? परेशचं काय? तुमच्यानंतर मुलगा म्हणून तो वाढणार, हे तो कळता झाल्यापासून ऐकत आला आहे. मला एका ओळीत उत्तर द्या, पल्लेदार वाक्यं नकोत.

दुसरं. रत्ना सांगते की पडलेल्या आंब्याच्या बुंध्यावर कुऱ्हाडीचे ताजे घाव होते आणि चीक गळत होता. आंबा पडला की पाडला? आणि कुठला आंबा?

तिसरं लिहायला हात धजत नाही. रत्ना तुमचे गोडवे गाता गाता मध्येच थांबली. मग म्हणाली, "ताई, समदं केलं त्यांनी. पर आमच्या पंगतीला कुणी बसलं न्हाई. आमचं जेवान होईस्तोवर समदी उभी. इचारलं तर म्हनले, आमचं झालंय. कवा झालं? आम्ही तितंच हुतो की." हौसाबाईंनी तिला गप्प केलं. म्हणाल्या, "देवळाची मानसं हायती, आपल्यासंगं कशी बसतील?"

मी खाली मान घालून भजी तळत राहिले. शेजारपाजारच्या बायकांना मी चार दिवस सांगत होते की माझ्या माहेराने सदतीस जणांना सांभाळलं. आता सांगताना जीभ अडखळते.

स्वाती


हेदवाडा
१२ जानेवारी १९८७

स्वातू,

एका ओळीत उत्तर: मान अजून आहे, महिनाभराने असेल की नाही ते सांगता येत नाही.

आता पल्लेदार. आंबा पाडला. आपल्या पोफळीच्या कुळागराच्या कडेचा, तुझ्या आजोबांनी लावलेला. आणि पाडायला मीच सांगितलं. शनिवारी बारा घरांची बैठक बसली. डिचोलीहून बातम्या येत होत्या, समाराधनेच्या दिवशी कुठल्या तरी बाजूची टोळी घुसून देवीच्या अन्नाचा विचका करील अशी सगळ्यांना धास्ती. मी म्हटलं, रस्ताच बंद करू. माझा आंबा घ्या. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पहाटे आंबा आडवा झाला आणि आम्ही निर्धास्त होऊन नारळ खवायला बसलो. दहा वाजता तुझ्या आईने विचारलं, "आनी भट खंयच्यान येतलो?"

मुळगावहून यायला तोच एक रस्ता! बारा घरांतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात ते आलं नव्हतं. भटजी स्कूटरवर मागे बसून आंब्यापर्यंत आले, पलीकडची शांतता पाहून घाबरले आणि परत गेले. तोवर इकडून बस येऊन थडकली होती, आणि पाडलेला आंबा आमच्याने हलेना. म्हणजे सदतीस माणसांना अडवलं ते आम्ही, त्यांना उपाशी ठेवलं तेही आम्हीच. पहिल्या पत्रात हे लिहायची मला लाज वाटली. मास्तर माणसाला स्वतःचा मूर्खपणा शुद्ध भाषेत लिहायला फार जड जातं.

बाबली आडवा आला, खरं आहे. म्हणाला, "विठू, नैवेद्य दाखोवंक ना आजून. दवलो घालशीत जाल्यार तुज्या घराचो मान गेलो म्हण समज." मी म्हटलं, "मान म्हजो. ही म्हातारी देवीची." आणि वाढलं.

पण त्यापुढचं रत्नाला ठाऊक नाही, आणि तिला कळू नये अशीच आमची इच्छा होती. आता तिने असा अर्थ काढला म्हणून सांगावं लागतं. पंगतीला आम्ही बसलो नाही, कारण आम्ही जेवणारच नव्हतो. नैवेद्य झाला नव्हता. पाहुण्यांना आमचा नियम लागू नाही, आम्हाला आहे. मी दवला घातल्यावर बाबली घटकाभर खांबाला टेकून उभा राहिला. मग धोतर खोचलं, तांब्या उचलला आणि सदतीस जणांना पाणी वाढत फिरला. त्याच्यामागून सगळे उठले. कुणी भात घेतला, कुणी खतखतं, सुशीलाने गोडाचं मणगणं. बारा घरांतल्या सत्तर माणसांनी त्या दिवशी अन्नाला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भटजी वहाणा हातात घेऊन शेतातून चालत आले, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. नव्याने भात शिजला, नैवेद्य झाला, मग आम्ही जेवलो. तुझी आई, जिला एकादशीला साबुदाणा दोनदा लागतो, ती आदल्या दिवशी वाढता वाढता हसत होती.

पाहुण्याने विचारलं तर काय सांगायचं? तुमच्या पायी आम्ही उपाशी आहोत म्हणून? घास उतरला असता का त्यांच्या घशाखाली? म्हणून सगळ्यांनी एकच सांगितलं, आमचं झालंय.

रत्नाला हे सांग. हौसाबाईंना तर नक्की सांग. माझ्याबद्दल काहीही समजोत, पण बाबलीने त्यांना आपल्यासंगे बसायच्या लायकीचं मानलं नाही, असं त्या समजून राहिल्या तर मला चैन पडणार नाही.

आता मानाचं. ८ फेब्रुवारीला देवळाच्या महाजनांची सभा आहे. देवीसमोर उभं राहून "दवलो घालून हांव चुकलों" एवढं म्हटलं की प्रकरण मिटतं. आंबा पाडून चुकलो असं मी शंभर वेळा म्हणेन. दवला घालून चुकलो असं मला म्हणता येत नाही. परेशशी बोललो नाही अजून.

बाबा


मुरगाव
२७ जानेवारी १९८७

बाबा,

पत्र मी रत्नाला वाचून दाखवलं. तिने मध्येच ते हातातून घेतलं, तिला वाचता येत नाही तरी घेतलं आणि उलटसुलट करून पाहत राहिली. हौसाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी दोनदा भात मागून घेतला गं. दोनदा."

मला आता पुन्हा सगळ्यांना सांगता येतं, आणि मी सांगते. काल इथल्या भाजीवालीलाही सांगितलं, ती बेळगावची. ती म्हणाली, असा गाव कुठे आहे ते दाखव.

पण बाबा, तुम्ही ते एक वाक्य म्हणून टाका. देवीला तुमचं मन ठाऊक आहे, तिच्यासमोर चार शब्द कमी-जास्त झाले तर ती काय रागावणार आहे? परेशचा विचार करा. मान तुमचा एकट्याचा नाही.

बाबलीकाका बरे आहेत ना? सभा सकाळी असते की दुपारी?

स्वाती


हेदवाडा
९ फेब्रुवारी १९८७

स्वाती,

आज तुला लाडाच्या नावाने हाक मारत नाही.

काल सभेत बाबलीने खिशातून आंतर्देशीय काढलं आणि म्हणाला, विठूची माफी आली आहे. मी चकित. त्याने वाचायला सुरुवात केली. "माझ्याकडून देवीचा अपमान झाला, मी चुकलो, माझ्या घराला पदरात घ्यावं." खाली माझं नाव. अक्षर मला लांबूनही ओळखता आलं. पाटीवर हात धरून ते मीच वळवलं होतं. तुझ्या अक्षराचं मी आयुष्यभर कौतुक केलं, आणि त्याच अक्षरात माझ्या नावाने खोटं लिहिलेलं मला भर सभेत ऐकावं लागलं.

बाबलीलाही अक्षर कळलं होतं. तो मूर्ख नाही. त्याने डोळ्यांनी मला खूण केली. हळूच म्हणाला, "विठू, ओगी राव. चेडवान वाट करून दिल्या, चल तिणें." त्याला मला वाचवायचं होतं. सगळ्याच महाजनांना मला वाचवायचं होतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तर मान घरात राहिला असता.

मी उठलो आणि म्हटलं, "हें पत्र म्हजें न्हय. म्हज्या चेडवाचें. म्हाका दवल्याचो पस्तावो ना."

मग नियमाप्रमाणे झालं. मान पुढच्या घराला गेला. पुढचं घर बाबलीचं. त्याने आधी नकार दिला, पण मान असा रस्त्यावर सोडता येत नाही. दवला मी स्वतः त्याच्या हातात दिला. त्याच्यावर माझा राग नाही, हे लिहून ठेवतो. नियम सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि तो सांभाळताना ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं असा माणूस त्या जागी आहे, हे वाड्याचं भाग्यच.

परेश माझ्यामागे बसला होता. घरी येताना म्हणाला, "बाबा, म्हाका शीत वाडूंक केन्नाच आवडूंक ना." खोटं बोलत होता. लहानपणी हा विहिरीपाशी करवंटीने मातीचा भात वाढायचा आणि पोरांना रांगेत बसवायचा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत आलो. असा मुलगा मला आहे याचा मला काल जितका अभिमान वाटला तितका तो पास झाला तेव्हाही वाटला नव्हता.

तू बाबलीला पत्र लिही, तुझ्या नावाने, आणि ती माफी मागे घे.

बाबा


मुरगाव
२० फेब्रुवारी १९८७

बाबा,

बाबलीकाकांना लिहिलं. त्यात एवढंच आहे की ते पत्र माझं होतं, माझ्या वडिलांनी माफी मागितली नाही आणि मागायचं कारणही नव्हतं.

मी भ्याले होते. सगळ्या मुरगावाला तुमची गोष्ट सांगत होते, आणि त्याच आठवड्यात तुमच्या नावाने माफी लिहीत होते. दोन्ही मीच केलं. तुमचा मान वाचवायला निघाले आणि सगळ्यांसमोर तुम्हाला मान खाली घालायला लावणार होते. तुम्ही घातली नाहीत. मला तुमचा फार अभिमान वाटतो, बाबा, आणि माझी फार लाज वाटते. रागावला असाल तर रागवा, पण पत्र लिहिणं बंद करू नका.

परेशला म्हणावं, तो खोटं फार वाईट बोलतो.

स्वाती


हेदवाडा
११ डिसेंबर १९८७

स्वातू,

तुला रजा मिळाली नाही म्हणून काल तू काय गमावलंस ते सगळं लिहितो. चहा घेऊन बस.

काल समाराधना झाली. दहाच्या सुमारास वाड्याच्या तोंडाशी बस थांबली आणि रत्ना उतरली, मागून हौसाबाई. मी बोलावलं नव्हतं. बाबलीने बोलावलं होतं, मला न सांगता, परेशकडून पत्र लिहवून घेऊन. हौसाबाईंनी गडहिंग्लजच्या गुळाची ढेप आणली होती, ती त्यांनी सुशीलाच्या हाती दिली आणि विचारलं, "आज तरी जेवनार न्हवं तुमी?" सुशीला लाजली. वाड्यातल्या बायकांत एवढा हशा पिकला की भटजी मंत्र चुकले. हो, भटजी वेळेवर आले. या वेळी आम्ही रस्ता उघडा ठेवला होता.

मडगावच्या अजयलाही बाबलीने कळवलं होतं. त्याला येता आलं नाही, पत्र आलं, कोंकणीत. मे महिन्यात गोवा राज्य झालं तेव्हाही त्याचं आलं होतं. मी मराठीत उत्तर देतो. दोघांनाही एकमेकांचं पहिल्या वाचनात कळतं, आणि तरी आमचं भांडण मिटलेलं नाही.

नैवेद्य झाला. पानं मांडली. इतकी वर्षं त्या क्षणाला माझ्या हातात दवला असायचा. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून मी खांबापाशी उगाच केळीची पानं मोजत उभा राहिलो. तेवढ्यात बाबली ओरडला, "विठू, पानार बस!" त्याच्या आवाजात नेहमीचा हुकूम होता. मी पंगतीला बसलो. माझ्या एका बाजूला परेश, दुसऱ्या बाजूला हौसाबाई, त्यांच्यापलीकडे रत्ना, मग तुझी आई. मानाच्या घराने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं असतं, हे तुला माहीत आहे. म्हणजे पाच पिढ्यांत आपल्या घरातल्या कुणी समाराधनेचा भात गरम खाल्ला नव्हता. काल मी खाल्ला. फार चांगला लागतो, स्वातू. उगाच एवढी वर्षं मान मिरवला असं क्षणभर वाटून गेलं.

पण खायच्या आधीचं सांगायचं राहिलं. बाबलीने पहिला दवला भरला. पहिलं पान महाजनांच्या रांगेचं, आजवर तसंच होतं. तो त्या रांगेसमोरून चालत पुढे आला. तो आमच्या रांगेत आला, हौसाबाईंच्या पानासमोर वाकला. गेल्या वर्षी त्याने त्यांच्या आणि भाताच्या मध्ये हात आडवा घातला होता. त्याच हाताने त्याने वाढलं. एक दवला घातला, परत भाणापाशी गेला, दुसरा घातला. म्हातारी पानाकडे बघत होती.

बाबली म्हणाला, "आये, पुरो म्हण. पुरो म्हणसर हांव वाडटलों."

आणि म्हातारीने पुरे म्हटलंच नाही.

तुझे बाबा